आंतरजालावर भूविज्ञान शिकताना कशावर विसंबावे?

महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग एकाच प्रकारच्या खडकावर उभा आहे: ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास वाहिलेल्या लाव्हाचा काळा बेसॉल्ट. गडाचा कडा, लेण्याची भिंत, विहिरीचा कातळ, रस्त्याची खडी, सगळे त्याचेच. एवढे असूनही भूविज्ञान हा विषय आपल्याकडे मोजक्याच महाविद्यालयांत शिकवला जातो. ज्याला गोडी लागते त्याला बहुधा मोबाइल किंवा संगणकापुढेच बसावे लागते.

तिथे साहित्याची कमतरता नाही. उलट इतके आहे की नेमके काय वाचावे हे कळत नाही. उत्तम पाठ्यपुस्तके आणि सरकारी नकाशे फुकट मिळतात, आणि त्यांच्याच शेजारी भूकंपाचे भाकीत करणारे व्हिडिओ आणि कुणीतरी कुठूनतरी उतरवलेले लेखही असतात. या लेखात भौतिक भूविज्ञानाचा अभ्यास करणाऱ्यासाठी खात्रीचे स्रोत क्रमाने मांडले आहेत. भौतिक भूविज्ञान म्हणजे खडक, खनिजे, ज्वालामुखी, भूकंप, झीज आणि भूरूपे यांचा अभ्यास. स्रोत कसा पारखायचा, तेही उदाहरणांनिशी सांगितले आहे.

आधी पारख: चार प्रश्न

संकेतस्थळ देखणे आहे किंवा पहिल्याच पानावर सापडते, यावरून त्याचा खरेपणा ठरत नाही. भूविज्ञानातला प्रत्येक आकडा कुणीतरी, कुठेतरी, कशाने तरी मोजलेला असतो. त्या मोजमापापर्यंत पोचता येते का, हीच खरी कसोटी. त्यासाठी चार प्रश्न विचारावेत: हे कुणी मोजले? कधी मोजले? कोणत्या पद्धतीने मोजले? आणि त्यात अधिक-उणे किती धरायचे?

लोणारचे उदाहरण घ्या. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्काघाताने बेसॉल्टमध्ये तयार झाले. १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकातल्या निबंधाने त्याचे उल्काघाती मूळ पक्के केले. आता त्याचे वय शोधा. काही पाने सुमारे ५० ते ५२ हजार वर्षे सांगतील, तर काही ५ लाख ७० हजार. फरक अकरा पटींचा आहे.

मागे जात गेलात तर दोन्ही आकड्यांचे मूळ सापडते. ५२ हजारांचा आकडा १९९० च्या दशकातला आहे. आघाताने वितळून झालेल्या काचेवर तापदीप्ती पद्धत वापरून तो काढला होता. काच शेवटची तापल्यापासून तिच्या रचनेतल्या दोषांत किती ऊर्जा साठली, हे ही पद्धत मोजते. साठवणुकीला मर्यादा असल्यामुळे फार जुन्या नमुन्यांच्या बाबतीत ती कमी पडते. ५ लाख ७० हजारांचा आकडा २०११ मध्ये 'जिऑलॉजी' या नियतकालिकात आला. तो आघाताने वितळलेल्या खडकातल्या आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून काढला होता आणि त्यात अधिक-उणे ४७ हजार वर्षे दिली होती. या पद्धतीचीही एक अडचण असते. मूळ बेसॉल्ट कोट्यवधी वर्षांचा आहे. वितळताना त्यातला जुना आर्गॉन पूर्ण निघून गेला नसेल तर वय फुगून दिसते. म्हणून या वयाची चर्चा अजून चालू आहे.

आता पारख सोपी होते. नुसते '५२ हजार वर्षे' किंवा नुसते '५ लाख ७० हजार वर्षे' एवढेच सांगणारे पान कच्चे. दोन्ही आकडे, त्यांच्या पद्धती आणि साल देणारे पान विश्वासाचे. हाच नियम प्रत्येक विषयाला लावावा.

अभ्यासाचा कणा: एक पाठ्यपुस्तक

तुकड्यातुकड्यांनी व्हिडिओ पाहून हा विषय उभा राहत नाही. आधी एक पाठ्यपुस्तक धरावे आणि ते पहिल्या प्रकरणापासून शेवटपर्यंत वाचावे. विनामूल्य पुस्तकांत स्टीव्हन अर्ल यांचे 'फिजिकल जिऑलॉजी' हे सर्वांत सोयीचे आहे. कॅनडातल्या बीसीकॅम्पस या संस्थेने ते खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केले आणि दुसरी आवृत्ती २०१९ ची आहे. पुस्तक पूर्ण उतरवून घेता येते, प्रकरणांत सराव आहे आणि उत्तरेही दिली आहेत. दुसरे पुस्तक अमेरिकेतल्या सॉल्ट लेक कम्युनिटी कॉलेजच्या प्राध्यापकांचे 'ॲन इंट्रोडक्शन टू जिऑलॉजी'. तेही विनामूल्य आहे.

या दोन्ही पुस्तकांची उदाहरणे त्यांच्या त्यांच्या प्रदेशातली आहेत. कॅनडाच्या पुस्तकात हिमनद्यांना भरपूर जागा मिळते. आपल्या कोकण-गोव्यातला जांभा मात्र तिथे थोडक्यात आटोपतो. जांभ्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ मध्ये केरळातल्या निरीक्षणांवरून केले. हा आपल्या किनाऱ्याचा खडक आहे आणि त्याच्यासाठी भारतीय स्रोतांकडेच वळावे लागते. म्हणून सोबतीला ई-बालभारतीवरची अकरावी-बारावीची जिऑलॉजीची पाठ्यपुस्तके ठेवा. एनसीईआरटीचे अकरावीचे प्राकृतिक भूगोलाचे पुस्तकही फुकट मिळते. त्यातली भूरूपांची प्रकरणे सुरुवातीला उपयोगी पडतात.

व्याख्याने ऐकायची तर एनपीटीईएल आणि स्वयम् या मंचांवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम आहेत. संरचनात्मक भूविज्ञानाचा आयआयटी कानपूरचा अभ्यासक्रम पदवीच्या विद्यार्थ्याने जरूर पाहावा. शिकायला शुल्क नाही, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच पैसे पडतात. इंग्रजीत रसाळ व्याख्याने हवी असतील तर सेंट्रल वॉशिंग्टन विद्यापीठाचे निक झेंटनर यांची यूट्यूबवरची मालिका पाहा. ते कोलंबिया नदीच्या खोऱ्यातल्या लाव्हाथरांवर बोलतात. तो बेसॉल्ट आपल्या दख्खनच्या बेसॉल्टपेक्षा वयाने बराच लहान, पण तोही भेगांतून पसरलेल्या लाव्हाचाच. त्यामुळे त्यांनी दाखवलेले बेसॉल्टचे खांब आणि थरांच्या कडा मराठी प्रेक्षकाला ओळखीच्या वाटतील. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर उभे खांब प्रत्यक्ष पाहता येतात.

आपल्या तालुक्याचा नकाशा: भूकोश

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण म्हणजे जीएसआय. १८५१ मध्ये स्थापन झालेली ही संस्था देशाच्या खडकांचे अधिकृत नकाशे तयार करते. हे नकाशे तिच्या 'भूकोश' या संकेतस्थळावर मिळतात. नावनोंदणी केली की १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांचे थर विनाशुल्क उतरवता येतात. आपला जिल्हा निवडा, खडकांचा थर चालू करा, मग त्यावर प्रस्तरभंग आणि भूरूपांचे थर चढवा. क्यूजीआयएस ही विनामूल्य प्रणाली संगणकावर असेल तर हेच थर तिथे उघडून स्वतःचा नकाशा करता येतो.

इथे नवा अभ्यासक हमखास गोंधळतो. जीएसआयच्या नकाशात पश्चिम महाराष्ट्रातल्या बेसॉल्टचा 'सह्याद्री गट' दिसतो आणि त्याखाली साल्हेर, रतनगड, इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड, महाबळेश्वर अशी नावे येतात. शोधनिबंध उघडला की त्याच डोंगरांना जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी नावे दिलेली सापडतात. यातली कुठलीच यादी चुकीची नाही. जीएसआयची विभागणी क्षेत्रात डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर आधारलेली आहे: प्रवाह कसा पसरला, त्यात मोठे स्फटिक आहेत का. दुसरी विभागणी १९८० च्या दशकात खडकांच्या रासायनिक पृथक्करणावरून झाली. म्हणून टिपण काढताना थराच्या नावासोबत ते कोणत्या विभागणीतले, हे लिहिण्याची सवय लावून घ्या. नाहीतर पुढे दोन निबंधांची तुलना करताना सगळे घोटाळ्यात पडेल.

परदेशातल्या खडकांसाठी मॅक्रोस्ट्रॅट हा विस्कॉन्सिन विद्यापीठाचा नकाशा-संग्रह आणि त्याच गटाचे रॉक्ड हे ॲप चांगले आहे. जगभरचे नकाशे त्यात एकत्र केलेले आहेत. मात्र जिथे मूळ नकाशा ढोबळ, तिथे ॲपची माहितीही ढोबळच. प्रत्येक ठिकाणी मूळ नकाशाचे नाव दिलेले असते, ते पाहूनच विश्वास ठेवावा.

भूरूपांसाठी गूगल अर्थ आणि इस्रोचा 'भुवन' पुरेसे आहेत. गूगल अर्थच्या संगणकावरच्या आवृत्तीत कोकणातून देशावर एक रेघ ओढा आणि तिचा उंचीचा छेद काढा. पश्चिमेला एकदम उभा कडा आणि पूर्वेला हळूहळू उतरत जाणारे पठार समोर दिसते. घाटमाथ्याच्या डोंगरांवर पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात. प्रत्येक टप्पा लाव्हाच्या थरांतल्या कठीण आणि ठिसूळ भागांच्या वेगवेगळ्या झिजेमुळे पडलेला आहे.

भूकंपाची नोंद कशी वाचावी

भूकंपांसाठी तीन ठिकाणे पुरेत: दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र, अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था यूएसजीएस आणि शिकवण्याच्या साहित्यासाठी अर्थस्कोप. अर्थस्कोपकडे पूर्वीच्या आयरिस संस्थेची ॲनिमेशन आहेत. भूकंपलहरी पृथ्वीच्या पोटातून कशा वळतात आणि तीन केंद्रांच्या नोंदींवरून भूकंपाची जागा कशी ठरते, हे त्यांच्याइतके नेटके क्वचितच कुठे पाहायला मिळते.

यूएसजीएसच्या भूकंपसूचीत एक प्रयोग करा. डिसेंबर १९६७ चा पहिला पंधरवडा निवडा, अक्षांश १६ ते १८ आणि रेखांश ७३ ते ७५ ही चौकट घाला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबरच्या पहाटे झाला, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. सूचीत मात्र तो १० डिसेंबरला रात्री १० वाजून ५१ मिनिटांनी नोंदलेला आहे. सूची जागतिक प्रमाणवेळ पाळते. त्यात साडेपाच तास मिळवले की पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे होतात आणि तारीख पुढे सरकते. किल्लारीचेही तसेच: आपल्यासाठी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, सूचीत २९ सप्टेंबरची रात्र. हे ध्यानात नसेल तर वर्तमानपत्र आणि सूची यांत विसंगती आहे असे वाटून खरा स्रोत उगाच बाद केला जातो.

महत्तेच्या आकड्याचेही भान हवे. कोयनेसाठी ६.३ आणि ६.५ असे दोन्ही आकडे छापलेले आढळतात. भूकंपाची महत्ता मोजण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि प्रत्येक पद्धत भूलहरींचा वेगळा भाग मोजते. आकड्यापुढे पद्धतीचे चिन्ह दिले असेल तरच दोन आकड्यांची तुलना करावी.

कोयनेबद्दल वाचताना भू-विज्ञान मंत्रालयाच्या कराड इथल्या प्रयोगशाळेचे काम आवर्जून शोधा. कोयना धरणाच्या परिसरातले भूकंप समजून घेण्यासाठी त्याच परिसरात तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट संपल्यावर खाली ग्रॅनाइटसारखा जुना पायाभूत खडक लागला. पाठ्यपुस्तकातल्या 'लाव्हाची जाडी' या शब्दांना असा प्रत्यक्ष मोजलेला आकडा मिळाला की विषय मनात पक्का बसतो.

आणि एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. अमुक दिवशी अमुक ठिकाणी मोठा भूकंप होणार, असे सांगण्याची रीत आज कोणत्याही शास्त्रज्ञाकडे नाही. यूएसजीएस हे आपल्या पानावर स्पष्ट लिहिते. तारखेनिशी भाकीत करणारा व्हिडिओ दिसला की तो बंद करावा आणि पुढे पाठवू नये. अशा अफवांनी माणसे थंडीपावसात रात्रभर घराबाहेर बसतात.

खनिजे आणि खडक: चित्र कुठवर पुरते

खनिजांसाठी माइंडॅट हे जगातले सर्वांत मोठे खुले भांडार आहे. त्यात प्रत्येक खनिजाचे रासायनिक सूत्र, कठिणता, स्फटिकरचना आणि ते सापडण्याची ठिकाणे दिलेली असतात. महाराष्ट्राच्या अभ्यासकाला तिथे मोठी मेजवानी आहे. बेसॉल्टमधल्या वायूच्या पोकळ्यांत पुढे पाण्याने साचवलेली झिओलाइट खनिजे आपल्याकडून जगभरच्या संग्रहालयांत गेली. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतले निळेशार कॅव्हनसाइट, जळगाव आणि नाशिक भागातले स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट, ह्यूलँडाइट यांची शेकडो छायाचित्रे तिथे ठिकाणांसह आहेत. प्रत्यक्ष नमुने पाहायचे तर सिन्नरचे गारगोटी संग्रहालय आहे.

पण छायाचित्रावरून खनिज ओळखण्याचा मोह टाळावा. पांढरे कॅल्साइट, पांढरे स्टिल्बाइट आणि पांढरे क्वार्ट्झ फोटोत सारखीच दिसू शकतात. हातात घेतले की पाच मिनिटांत निकाल लागतो. क्वार्ट्झची कठिणता ७ असल्याने ते काचेवर ओरखडा काढते. बाकीची दोन्ही काढत नाहीत. सौम्य आम्लाचा थेंब टाकला की कॅल्साइट फसफसते. स्टिल्बाइट फसफसत नाही आणि त्याच्या एका पृष्ठावर मोत्यासारखी चमक दिसते. फोटो काढून नाव सांगणाऱ्या ॲपला यातली एकही चाचणी करता येत नाही. त्याचे उत्तर अंदाज म्हणून घ्यावे.

सूक्ष्मदर्शक हाताशी नसलेल्यांसाठी ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे 'व्हर्च्युअल मायक्रोस्कोप' हे मोठेच वरदान आहे. खडकाचा कागदाहून पातळ काप त्यात साध्या आणि ध्रुवित प्रकाशात पाहता येतो आणि माउसने फिरवताही येतो. बेसॉल्टचा काप उघडा. ध्रुवित प्रकाशात प्लॅजिओक्लेजचे लांबट स्फटिक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे दिसतील आणि त्यांच्यामधल्या जागेत पायरॉक्सिनचे रंगीत कण. आपल्या पायाखालच्या काळ्या दगडातली ही दोन मुख्य खनिजे एकदा ओळखीची झाली की पुस्तकातले वर्णन पाठ करावे लागत नाही.

कालमापन आणि शोधनिबंध

भूवैज्ञानिक काळाच्या नावांसाठी आणि वयांसाठी एकच कागद पुरेसा आहे: आंतरराष्ट्रीय स्तरविज्ञान आयोगाचा कालतक्ता. तो पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतो आणि वेळोवेळी सुधारला जातो. म्हणून प्रत कोणत्या सालची, हे पाहून घ्यावे. ज्वालामुखींसाठी अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचा जागतिक ज्वालामुखी प्रकल्प आहे. अंदमानातल्या बॅरन बेटाच्या उद्रेकांचा इतिहास तिथे वाचता येतो.

पाठ्यपुस्तक संपले की शोधनिबंधांकडे वळावे. 'करंट सायन्स' आणि भारतीय विज्ञान अकादमीचे 'जर्नल ऑफ अर्थ सिस्टिम सायन्स' यांतले लेख त्यांच्या संकेतस्थळांवरून वाचता येतात. निबंध कठीण वाटला तर सुरुवातीला सारांश, नकाशा आणि निष्कर्ष एवढेच वाचावे.

उत्तम स्रोतही एकमेकांशी असहमत असू शकतात, हे शिकायला दख्खनचेच उदाहरण घ्यावे. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दख्खनच्या वयावर दोन निबंध आले. एका गटाने लाव्हाथरांमधल्या तांबड्या मातीसारख्या पट्ट्यांतून मिळालेल्या झिरकॉनवर युरेनियम-शिसे पद्धत वापरली. डायनासोर नष्ट होण्याच्या जरा आधी लाव्हाचा एक मोठा लोट आला, असे त्यांना दिसले. दुसऱ्या गटाने बेसॉल्टमधल्या प्लॅजिओक्लेजवर आर्गॉन पद्धत वापरली आणि बहुतेक लाव्हा त्या घटनेनंतर वाहिला असा निष्कर्ष काढला. एकूण वयाबद्दल दोघांचे जवळपास एकमत आहे. वाद आहे तो कुठल्या टप्प्यात किती लाव्हा वाहिला याचा. अशा ठिकाणी एकाची बाजू घेऊन मोकळे होण्यापेक्षा, वाद नेमका कशावर आहे हे दोन ओळींत लिहून काढावे. परीक्षेतही असे उत्तर उठून दिसते.

विकिपीडियाचे काय, असा प्रश्न नेहमी येतो. सुरुवातीला चित्र स्पष्ट व्हावे म्हणून वाचायला हरकत नाही. मात्र आकडा उचलायचा असेल तर पानाच्या तळाशी दिलेल्या मूळ निबंधातूनच उचलावा.

मराठीतला आधार

मराठीत या विषयाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेल्या या कोशाच्या नोंदी आता आंतरजालावर आहेत. खडक, खनिजे, ज्वालामुखी, दख्खन ट्रॅप यांच्या व्याख्या आणि वर्णने त्यात नेमकी आहेत. वये आणि प्लेट टेक्टॉनिक्स यांबाबत मात्र जुन्या खंडांतले आकडे नव्या स्रोताशी ताडून पाहावेत. राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही आंतरजालावर शोधता येतात. विहिरी, भूजल आणि कातळातले पाणी यांसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माहिती पाहावी. बेसॉल्टच्या भेगांत आणि मुरमात पाणी कसे साठते, हा शेतकऱ्याच्या रोजच्या जगण्याला भिडणारा भाग आहे.

अभ्यासाचा क्रम

आठवड्याला पाठ्यपुस्तकाचे एक प्रकरण वाचावे. त्याच आठवड्यात त्या प्रकरणाशी जुळणारा एक स्रोत उघडावा: अग्निज खडकांसोबत व्हर्च्युअल मायक्रोस्कोप, भूकंपांसोबत यूएसजीएसची सूची, भूरूपांसोबत गूगल अर्थ, कालमापनासोबत आयोगाचा तक्ता. वहीत प्रत्येक आकड्यापुढे स्रोत, साल आणि पद्धत लिहावी. ही एक सवय बाकी सगळ्या युक्त्यांपेक्षा जास्त कामाची आहे.

रविवारी बाहेर पडावे. भूकोशवरून आपल्या गावाजवळची जागा निवडावी. घाटातली रस्त्याची कड, ओढ्याचा काठ किंवा बंद पडलेली दगडखाण चालेल, मात्र खाणीत परवानगीशिवाय आणि एकट्याने जाऊ नये. भिंग, छोटी हातोडी, वही आणि काचेचा तुकडा एवढे सामान पुरते. थरांचे रेखाचित्र काढावे, पोकळ्यांतली खनिजे पाहावीत, दोन प्रवाहांमधला तांबडा पट्टा सापडतो का ते शोधावे. घरी आल्यावर नकाशाशी ताडून पाहावे. जिथे जुळत नाही तिथेच खरे शिकणे सुरू होते.

मराठीत आपल्या तालुक्याच्या खडकांवर नीट लिहिलेला मजकूर फार थोडा आहे आणि ही उणीव अभ्यासकांनीच भरून काढायची आहे. तुम्ही पाहिलेल्या कड्याचे वर्णन मराठीत लिहा. सोबत ठिकाण, तारीख, छायाचित्रातली मोजपट्टी आणि कोणत्या विभागणीतले नाव वापरले, हे सगळे द्या. जे चार प्रश्न तुम्ही इतरांच्या लेखनाला विचारता, ते तुमच्या लेखनाला विचारल्यावर उत्तरे मिळाली, तर पुढच्या विद्यार्थ्याला मराठीत एक खात्रीचा स्रोत मिळालेला असेल.